पाचवा चिंचोका

शेलूबाजार,
सोमवार, ७ डिसेंबर

प्रिय मंजुषा,

घरात तू मंजू असलीस तरी कागदावर नाव पूर्ण लिहावं, हे मीच तुला शिकवलं आहे, म्हणून पूर्ण लिहितो. याआधी मी तुला आयुष्यात एकच पत्र लिहिलं होतं, तू अकोल्याला होस्टेलवर होतीस तेव्हा, आणि त्यातलं अर्धं पान तुझ्या शिकाऊ लायसन्सच्या मुदतीवर होतं. हे पत्रही लायसन्सवरच आहे. पण आधी घरचं सांगून घेतो, नाहीतर मी तिथपर्यंत पोचायचो नाही.

तुरीला यंदा शेंग बरी धरली आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीनं पुन्हा आखडला. ओव्याची पुरचुंडी करून शेकते, डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणते, "तुमी आधी सोताकडे पाहा." परवापर्यंत मला वाटत होतं की ती हे गुडघ्यावरूनच बोलते आहे. क्लासला गाडी शिकायला सध्या तिघंच आहेत. त्यातल्या एक त्रिशलाबाई, बाजारातल्या कापड दुकानवाल्या जैनांच्या घरच्या, वय सत्तेचाळीस. मुलं पुण्याला असतात. पहिल्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मले दरवेळी कोनाच्या तरी मागं बसून जायाचा कंटाळा आला, आता मले पुढं बसवा." क्लच एकदम सोडतात, आरशात बघायचं विसरतात, पण घाबरत नाहीत. त्यांच्याबद्दल पुढं लिहितो, कारण या पत्राला एका परीनं त्याच कारण आहेत.

तुला आपली चिंचोक्यांची डबी आठवत असेलच. आता कुणाला सांगितलं तर हसतात, पण बावीस वर्षं मी त्या डबीवर माणसं तयार केली आहेत. तपकिरीची पत्र्याची डबी, डॅशबोर्डवर, आणि प्रत्येक शिकणाऱ्याला रोज सकाळी मोजून पाच चिंचोके. इंडिकेटर दिला नाही, एक माझ्या खिशात. चढावर गाडी मागे सरकली, एक. मागून येणाऱ्याला न बघता दार उघडलं, त्याचे दोन. पाचही गेले की त्या दिवसापुरतं स्टेअरिंग सुटलं. गाडी मी चालवणार आणि त्यानं मागच्या सीटवर बसून इतरांचं बघायचं. ओरडण्यापेक्षा हे बरं. ओरडलेलं माणूस विसरतं, पण मुठीतला चिंचोका कमी झालेला विसरत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. मी नववी नापास. गाडी शिकलो ती ट्रकवर क्लीनर म्हणून, ड्रायव्हर झोपलेला असताना, आणि मोटार कायद्याचं पुस्तक अकोल्याहून आणून एकेक कलम अंगठ्याखाली धरून वाचलं. पुढे लोक वकिलाला विचारायच्या आधी मला विचारू लागले. त्या गोष्टीचा मला अभिमान होता. नव्हता असं म्हणणार नाही.

तू शिकलीस त्या सव्वा महिन्यात तुझे सगळे मिळून अकरा चिंचोके गेले, आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त कधीच नाही. वहीत आहे. एवढे कमी आजवर कुणाचे गेलेले नाहीत, पोरांचेही नाहीत. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. चारचौघांत सांगितलं, तुला नाही. तू व्हॅनचं लायसन्स काढलंस, केनवडला लग्न होऊन गेलीस आणि शाळेची व्हॅन चालवायला लागलीस, तेव्हा तुझ्या सासूबाई सुंदरबाई मला बोलल्या होत्या, "इवाई, लोकाइच्या सुना शिवन करतात, आमची गाडी हाकते." मी हसून म्हटलं होतं, "हाकत नाही हो, चालवते." त्याच साली मी पांढरी गाडी घेतली आणि ती तुझ्या नावावर केली. आरटीओतल्या बाबूनं विचारलं, पोरीच्या नावावर कशी? मी म्हटलं, घरात सगळ्यात चांगली गाडी जी चालवते तिच्या नावावर. फक्त मोबाईल नंबर मी माझा दिला. कागदपत्रांच्या बाबतीत माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही, तुझ्यावरही नव्हता. तुझ्या लायसन्सवरचा पत्तासुद्धा लग्नानंतर बदलायचा राहिला. राहिला म्हणजे मी राहू दिला. दरवेळी तुला म्हणायचो, मी करतो, तू कशाला फेऱ्या मारतेस.

आता समृद्धी महामार्गाचं सांगतो. आपल्या गावाला नवीन रस्त्याचं तोंड फुटलं तेव्हा मी क्लासमधल्या पोरांना तिथे नेऊन मर्यादेच्या पाट्या वाचायला लावल्या होत्या. मोटारीला एकशे वीस. ती पाटी मी पाच-पाच वेळा म्हणून घेतली आहे त्यांच्याकडून. पण मंजू, बावीस वर्षं मी दिवसभर वीसच्या वेगानं फिरलो आहे. उजवा पाय ब्रेकवर, डोळा दुसऱ्याच्या हातावर. दुसऱ्या गिअरच्या वर माझी गाडी म्हणून कधी गेलीच नाही. जानेवारी संपता संपता एका दुपारी क्लासचं कुणी आलं नाही आणि मी पांढरी गाडी काढली. कारंज्यापर्यंत गेलो, एक कप चहा घेतला आणि परत आलो. काम काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही, दोन्हीकडे रान मागे पळतं आहे, आणि बाजूला कुणी शिकणारा नाही. त्या वेळी मला माझं वय वाटत नव्हतं. कुठे दवाखान्यात न्यायचं होतं, कुणाची गाडी चुकत होती, असलं काही कारण मला देता आलं असतं तर मी दिलं असतं. कारण एवढंच की मजा वाटत होती.

१८ फेब्रुवारीला मोबाईलवर पहिला मेसेज आला. एकशे अडतीस. गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण, खाली मालकाचं नाव: मंजुषा. मी मनाशी म्हटलं, एकच आहे. दंड भरून टाकला आणि मेसेज पुसून टाकला. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला, आणि कबुली जाते मालकाच्या नावावर. चालवणारा दुसरा असेल तर मालकानं तसं मुदतीत कळवावं लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी हे क्लासमध्ये फळ्यावर लिहून शिकवतो. एप्रिलमध्ये दुसरा आला, एकशे एकतीस. तिसरा जूनमधला, वाशिमच्या नाक्यावरचा. हवालदारानं अडवलं नाही, नुसता फोटो काढला. चालवताना कानाला फोन. त्या वेळी मी कुणाशी बोलत होतो ते तुला तुझ्या फोनमध्ये सापडेल: ११ जून, दुपारी दोन चाळीस. व्हॅनच्या पीयूसीची तारीख चार दिवसांवर आली तरी तू ती केली नाहीस म्हणून मी तुला झापत होतो. फोटोत माझं तोंड उघडं आहे. चौथा ऑगस्टमध्ये, सीट बेल्ट नाही. पाचवा १० सप्टेंबरला, पुन्हा वेग.

मधल्या काळात मी शिकवणं थांबवलं नव्हतं. नवीन नियम आला तेव्हा मीच चौकात पोरांना समजावून सांगितला. बाहेरच्या देशांत म्हणे लायसन्सवर पॉइंट असतात, चुकलं की कापले जातात. आपल्याकडेही तसं येणार म्हणतात. पण तोवर एवढं लक्षात ठेवा, एका वर्षात पाच गुन्हे झाले की लायसन्स निलंबित करायचं की नाही याचा विचार होतो, आधी नोटीस येते आणि म्हणणं मांडायची संधी मिळते. एक पोरगं म्हणालं, "म्हंजे सरकारनं तुमचे चिंचोके चोरले, मास्तर." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी मोबाईलमध्ये चार झालेले होते. आणि क्लासच्या बोर्डावर, दारात शिरताना तुला दिसते ती, निळ्या अक्षरांतली ओळ तशीच होती: १९९५ पासून एकही चालान नाही. ते खरंही होतं. माझ्या नावावर एकही नव्हतं.

नोटीस सप्टेंबरच्या शेवटी आली. तुझ्या नावानं, या पत्त्यावर. पोस्टमननं सही मागितली आणि मी तुझी सही केली. तुझी सही मला येते. शाळेपासूनचे तुझे सगळे अर्ज मीच भरले आहेत आणि घाईच्या वेळी कधी खालची सहीही करून टाकली आहे. नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं की तुमचं काही म्हणणं असेल तर दिलेल्या मुदतीत समक्ष येऊन मांडा. मी गावातल्या निम्म्या लोकांची असली उत्तरं लिहून दिली आहेत. ही घडी घालून मी कायद्याच्या पुस्तकात ठेवली, लायसन्स निलंबनाच्या कलम एकोणीसच्या पानावर, जिथे तिची जागा होती. उत्तर लिहायला बसलो की पहिलंच वाक्य लिहावं लागे, की वाहन मी चालवत होतो, आणि तिथे पेन थांबायचं. क्लासचं लायसन्स जाईल, लोक काय म्हणतील, बोर्ड काढावा लागेल. असं करत मुदत गेली. मनात म्हणत होतो, इतके लोक आहेत, सरकारी कामात राहूनही जातं. राहिलं नाही. १६ नोव्हेंबरला आदेश आला. तीन महिने.

तो आदेशही मी त्याच पानात ठेवला, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. शाळेनं सगळ्या ड्रायव्हरांची लायसन्स तपासली. पुढचं तुला माहीत आहे. तू आणि आमचे जावई हरीओमराव त्याच संध्याकाळी मोटरसायकलवर आलात. तू चपलाही दारात नीट काढल्या नव्हत्यास. "बाबा, माह्या लायसन्सवर पाच चालान हायेत म्हन्तात. मी तं व्हॅन चाळीसच्या वर नेतच नाही." मी आदेश काढून दाखवला, नुकताच आल्यासारखा. पांढऱ्या गाडीचा नंबर तू वाचलास आणि माझ्याकडे बघितलंस. त्या वेळी तू विचारायला हवं होतंस की गाडी तुमच्याकडे असते ना. तू ते विचारलं नाहीस. मी विचारू दिलं नाही. मी म्हटलं, पोळ्याला आली होतीस तेव्हा वाशिमला तूच नेली होतीस ना? त्याआधी मावशीच्या घरी लग्नाला? नवा रस्ता आहे, कळत नाही पाय कधी दाबला जातो ते. तू म्हणालीस, पण मी त्या रस्त्यानं गेलेच नाही. आणि मग मी ते वाक्य बोललो. कॅमेरा खोटं बोलत नाही.

ते मी तुझ्यावर टाकायला वापरलं. ज्या फोटोत माझा चेहरा आहे, चष्मा कपाळावर चढवलेला आहे, तो फोटो त्याच वेळी माझ्या खिशातल्या मोबाईलवर निघाला असता.

तू बराच वेळ आदेशाकडे बघत बसलीस. तारखा बघत होतीस, आठवत होतीस. आणि मला दिसत होतं की तू हळूहळू माझंच खरं धरते आहेस. लहानपणापासून तसंच झालं आहे, तुला आठवतं ते आणि मी म्हणतो ते वेगळं निघालं की तू तुझं सोडून देतेस. मग तू विचारलंस, "म्हंजे बाबा, माहे पाचही गेले का?" हरीओमरावांना कळलं नाही तू काय विचारते आहेस. मला कळलं. आणि मी म्हटलं, गेले.

त्यानंतर दोन आठवड्यांत मी तुला चार वेळा फोन केला. एकदा थंडीचं विचारलं, एकदा तुझ्या सासूबाईंच्या बीपीचं, दोनदा कट केला. हरीओमरावांनीच सांगितलं की व्हॅनवर सध्या दुसरा माणूस ठेवला आहे, आणि तीन महिने जागा रिकामी ठेवता येणार नाही असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं. हेही सांगितलं की पहिलीतली एक मुलगी नवीन ड्रायव्हरच्या गाडीत चढत नाही, म्हणून तू तिला रोज पायी शाळेत सोडतेस. आणि गावात बाया म्हणतात, बाईच्या हातात गाडी दिली की असंच होणार. "आन् मामाजी, मंजू उलटून काहीच बोलत नाही," ते म्हणाले, "म्हन्ते चूक झाली आसंल माही." एवढं ऐकल्यावरही मी तीन दिवस काही केलं नाही. तेही लिहून ठेवतो. सोमवारचा फोन होता, आणि मी गुरुवारपर्यंत जेवलो, झोपलो, क्लास घेतला.

गुरुवारी सकाळी त्रिशलाबाई मैदानावर गाडीनं आठचा आकडा काढत होत्या. त्या मैदानावर मी सिमेंटच्या जुन्या गोण्या वाळू भरून ठेवल्या आहेत ते तुला माहीत आहे. वळताना मी रस्त्याकडे बघत होतो. फेरी संपली, गाडी थांबली आणि त्यांनी डबी उघडून एक चिंचोका माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं, काहून? त्या म्हणाल्या, "मागचं चाक गोणीले लागलं. तुमी पाहिलं नाही." मी उतरून बघितलं. गोणीला बोटभर खरचटलं होतं, आणि ती खरचट जुनी की नवी हे मलाही ठरवता आलं नसतं. तो त्यांचा त्या दिवसाचा पाचवा होता. मी म्हटलं, राहू द्या बाई, मला दिसलं नाही त्याचं मी घेत नाही. त्या दार उघडून उतरल्या, आधी मागे बघून, आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमाले नाही दिसलं त काय झालं, मी तं गाडीतच होती ना. चला आता, दुकान उघडाचं हाय." मी गाडी सुरू केली आणि ती दोनदा बंद पडली. एकतीस वर्षांत माझ्या हातून क्लच असा सुटला नव्हता.

काल तुझ्या आईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं, तारखांसकट, पुस्तक उघडून दोन्ही कागद समोर ठेवले. ती शेंगा सोलत राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, "मले कायले सांगता? तिले सांगा." मग थोड्या वेळानं म्हणाली की पोळ्याच्या आठवड्यात गाडीची टाकी कोण रिकामी करतं हे तिला दिसत होतं, फक्त चालानचं माहीत नव्हतं. तेव्हापासून ताट वाढते, पण समोर बसत नाही.

आज सकाळी वाशिमला गेलो. गाडी नेली नाही. दौलतसिंगच्या जीपनं गेलो, मागच्या बाजूला बसून. तो आरशात बघून म्हणाला, "काय मास्तर, गाडीले ताप आला का? पुढं या ना, सीट खाली हाय." मी म्हटलं, इथेच बरा आहे. परिवहन कार्यालयात माझं निवेदन दिलं, पाच तारखा, पाच ठिकाणं, तिन्ही फोटो ज्यांत चेहरा दिसतो त्यांच्या प्रती, आणि नोटिशीच्या पोचपावतीवर तुझी सही मी केली हेही लिहिलं. आवक क्रमांक घेतला. माझ्या लायसन्सचं आणि क्लासचं काय होईल ते होवो. तो निर्णय होईपर्यंत मी शिकवणार नाही, असंही त्यात आहे. त्रिशलाबाईंना दुसऱ्या क्लासचा पत्ता दिला. बोर्डावरच्या त्या ओळीवर आल्याबरोबर चुना मारला. एका हातात अक्षरं झाकली नाहीत, अजून दिसतात. वाळल्यावर दुसरा हात देईन.

पण तिथल्या बाबूनं निवेदन वाचून जे सांगितलं, ते मला माहीत असायला हवं होतं आणि होतं. तो म्हणाला, "काका, तुमचं ठीक आहे, पण निलंबन तुमच्या लायसन्सचं नाही. अपील तिनं करायला पाहिजे, तिच्या सहीनं. आदेश मिळाल्यापासून तीस दिवस." आज एकविसावा दिवस आहे. सोळा तारखेपर्यंत अपील गेलं पाहिजे, म्हणजे पंधराच धर. वेळेत गेलं आणि मान्य झालं तर तू व्हॅनवर परत येऊ शकतेस. मी मुख्याध्यापकांनाही वेगळं पत्र पोस्टानं पाठवलं आहे, त्यात मी तुझा बाप आहे एवढंच माझ्या बाजूचं लिहिलं आहे, बाकी सगळं घडलं तसं.

आता हे पत्र का लिहिलं ते. वाशिमहून आल्यावर मी अपिलाचा अर्ज तयार केला. चांगला झाला आहे, मुद्द्याला धरून, कुठे खाडाखोड नाही. खाली तुझी सही केली. मला येतेच. उद्या तो दिला असता तर कदाचित तुझं लायसन्स परत आलं असतं, आणि तुला मी सांगितलं असतं की मी भांडून सोडवून आणलं. तू मानलंही असतंस. तू माझे उपकार मानले असतेस आणि उरलेल्या आयुष्यात प्रत्येक वळणावर स्वतःच्या पायावर शंका घेत गाडी चालवली असतीस. सही वाळेपर्यंत मी त्या कागदाकडे बघत बसलो आणि मग तो फाडला. पुन्हा दुसरा लिहिला. तो या पत्राबरोबर आहे, दोन प्रतींत, आदेश आणि फोटोही जोडले आहेत. उद्या सकाळच्या जीपनं तुझी आई घेऊन येईल. तिनं वाचलेला नाही. सगळे रकाने मी भरले आहेत, फक्त दोन सोडले. एक तुझ्या सहीचा. दुसरा पहिल्या पानावर, वरून सातवा: सदर दिनांकांस वाहन प्रत्यक्षात चालवणाऱ्याचं नाव. तो मी भरून देणार नाही. तू तुझ्या हातानं भर, नाव पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. भरल्यावर एकदा मोठ्यानं वाच. तुझा एकही गेलेला नाही, मंजू. पाचही माझ्या खिशातून गेले.

मागच्या सीटवरून,
तुझाच,
शालिग्राम किसन इंगोले
(बाबा)